टिकणारीं माणसें

चार कारखानदार एकत्र जमले कीं अलीकडे एक विषय हटकून निघतो. यंत्र मिळतें, कर्ज मिळतें, मालाला मागणीहि असते. परंतु नव्यानें कामाला लागणारा भरंवशाचा माणूस मिळत नाहीं. सोमवारीं आलेला मुलगा पहिला पगार घेतो आणि पुन्हां दिसत नाहीं. पुण्याजवळ भोसरीस आमचे मेहुणे मोटारींचे सुटे भाग करणारा वीस माणसांचा कारखाना चालवितात. तेथील औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुटी गुरुवारीं असते. शुक्रवारीं सकाळीं किती लेथ चालतील आणि किती उभे राहतील, हें मेहुण्यांना बुधवारीं सांगतां येत नाहीं. माल ठरल्या दिवशीं पोंचला नाहीं, तर मोठा कारखाना पुढची मागणी दुसऱ्याकडे देतो. तेव्हां ही तक्रार खरी आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

मात्र तिला जोडून 'आजकालच्या पोरांना कष्ट नकोत' असा जो निष्कर्ष काढला जातो, तो आम्हांस पटत नाहीं. मेहुण्यांकडील काम सोडून गेलेल्या कांहीं मुलांना आम्ही मुद्दाम भेटलों. बीड जिल्ह्यांतून आलेला एक मुलगा सहा जणांत एक खोली घेऊन राहत होता आणि दुचाकीवरून घरोघरीं सामान पोंचवीत होता. उन्हापावसांत दहा-बारा तास हिंडणाऱ्या या मुलाला आळशी कोण म्हणेल? कारखाना सोडण्याचें कारण विचारतां तो म्हणाला, "काका, तिथं मला नांवच नव्हतं. ठेकेदाराचा पोरगा, एवढंच. सात महिने लोखंडाचा कीस झाडला. लेथला हात लावूं दिला नाहीं."

या उत्तरांतच रोगाचें निदान आहे, असें आम्हांस वाटतें. मुलगा मालकाच्या कारखान्यांत राबतो, पण त्याचें नांव ठेकेदाराच्या वहींत असतें. काम मंदावलें कीं 'उद्यांपासून येऊं नकोस' हें प्रथम त्यालाच ऐकावें लागतें. वर्षाअखेर आपण काय शिकलेले असूं आणि किती मिळवीत असूं, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. २०२० सालच्या टाळेबंदींत परप्रांतीय मजूर मिळेल त्या वाहनानें, कित्येक तर पायीं, आपापल्या गांवीं परतले; शहरांत त्यांना धरून ठेवील असें कांहीं नव्हतें. ज्या कामानें कसलेंहि वचन दिलेलें नाहीं, त्या कामाशीं माणसानें एकनिष्ठ राहावें, ही अपेक्षा न्यायाची नव्हे.

भरंवशाचीं माणसें पूर्वीं आयतीं मिळत होतीं, असा समज असेल तर तोहि सोडावा. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर औंध संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आले, तेव्हां तेथें निवडुंगाचें रान होतें. त्यांनीं कारखान्याबरोबरच कामगारांच्या कुटुंबांसाठीं वस्ती उभारली, मुलांसाठीं शाळा काढली. माणूस घडवावा लागतो आणि त्याला घर द्यावें लागतें, हें त्यांनीं ओळखलें होतें. आजच्या लहान कारखानदाराला गांव वसवितां येणार नाहीं, हें खरें. पण या धोरणाचा लहानसा अंश त्याच्याहि आवांक्यांत आहे.

कायद्यानें वाट दाखविली आहेच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालीं, २०१९ सालीं सुधारलेल्या नियमांप्रमाणें, तीस किंवा अधिक माणसांच्या कारखान्याला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावे लागतात. त्याहून लहान कारखान्यांवर सक्ती नाहीं, आणि तेथेंच मालकाचें मन कचरतें. 'मीं शिकवावें आणि मोठ्या कारखान्यानें पळवावें,' असें मेहुणे म्हणत. ही भीति निराधार नाहीं. तरीहि गेल्या वर्षीं त्यांनीं ठेकेदाराला वगळून चार मुलें स्वतःच्या नांवानें घेतलीं. कोणत्या महिन्यांत काय शिकविलें जाईल व पगार केव्हां वाढेल, हें त्यांना लिहून दिलें. शिकविणाऱ्या जुन्या टर्नरला त्याबद्दल वेगळे पैसे ठरविले. चौघांपैकीं एक मोठ्या कारखान्यांत गेला, एक गांवीं परतला. दोघे टिकले आणि आज लेथ चालवितात. पूर्वीं चारांतून एकहि टिकत नसे.

येथवर मेहुण्यांची आम्ही प्रशंसाच केली. पण आतां खरा पेंच त्यांच्या घरांत पडला आहे. त्यांचा धाकटा मुलगा दहावी झाला असून सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा, असें त्याच्या मनांत आहे. मेहुण्यांना तें मुळींच मान्य नाहीं. "आपल्या घरचा मुलगा तेलकट कपड्यांनीं घरीं येणार काय?" असें ते आमच्या बहिणीला विचारतात. मुलगा संगणकाची पदवी घेऊन परदेशीं गेला, तर त्यांना धन्यता वाटेल. लेथवर उभा राहिला, तर चारचौघांत सांगण्याची लाज वाटेल. ज्या कामासाठीं ते दुसऱ्याचा मुलगा शोधीत फिरतात, तें काम स्वतःच्या मुलासाठीं त्यांना हलकें वाटतें!

आम्हीं त्यांना स्पष्ट सांगितलें आहे कीं, मुलाला जाऊं द्यावें. त्याला गति नसेल तर दोन वर्षांत तें कळेल, आणि असेल तर त्यांच्या कारखान्याला जन्माचा जाणता मिळेल. बहीण अनुकूल आहे. मेहुणे अद्याप गप्प आहेत. हा पेंच केवळ त्यांचा नाहीं. हातानें केलेल्या कामाची किंमत आपण पांढरपेशे लोक भाषणांत फार मोठी सांगतों आणि घरांत फार थोडी धरतों. ज्याला आपण मान देत नाहीं, त्या कामावर दुसऱ्यानें निष्ठेनें टिकून राहावें असें म्हणण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोंचतो, याचा वाचकांनीं आपापल्या घरीं विचार करावा, एवढीच विनंति आहे.