पाच कार्बनांची शेपटी

तारापूर एमआयडीसीतल्या औषध कारखान्यांच्या क्यूसी लॅबमध्ये पदार्थाची एक साधी परीक्षा घेतात. चिमूटभर पावडर बारीक कॅपिलरीत भरायची, हळूहळू तापवायची आणि ती कधी वितळते ते डोळ्यांत तेल घालून पाहायचं. शुद्ध माल झटक्यात वितळतो. रेंगाळला तर भेसळीचा संशय. आज ज्यांची ओळख करून देतोय, ते गृहस्थ या परीक्षेत दोनदा वितळतात आणि तरीही अस्सल असतात. नाव द्रवस्फटिक. कॅल्क्युलेटरच्या खोक्यावर ‘एलसीडी’ लिहिलेलं असतं, त्यातलं ‘एलसी’ म्हणजे हेच.

पहिल्यांदा ते पकडले गेले १८८८ साली, प्रागमध्ये. फ्रीड्रिख रायनिट्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होते. त्यापासून केलेला एक पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळला, पण गढूळच राहिला. १७८.५ अंशांना तोच लख्ख झाला. मधल्या तेहतीस अंशांत तो धड स्फटिक नव्हता, धड पाणीही नव्हता.

या मधल्या अवस्थेतला त्यांचा स्वभाव पाहायचा तर सातपाटीच्या खाडीवर जावं. नांगरलेल्या होड्यांपैकी कुठली कुठे उभी राहील, याला काही नियम नाही. पण भरतीचं पाणी आत यायला लागलं की सगळ्यांच्या नाळी समुद्राकडे वळतात. ओहोटी लागली की सगळ्या गर्रकन फिरून खाडीच्या आत तोंड करतात. जागा मोकळी, दिशा एक. द्रवस्फटिकाचे लांबट रेणू असेच. फरक इतकाच, की डोकं वर आहे की खाली याची त्यांना पर्वा नसते. अंग एका रेषेत असलं की झालं. आणि त्यांची भरती-ओहोटी म्हणजे वीज. दोन-चार व्होल्ट मिळाले की सगळे वळतात. उजेडाची वाट बदलते आणि काचेवर आकडा उमटतो.

एवढी शिस्त पाहून माणूस ताठ असणार असं वाटतं. निम्मा तसा आहेच. १९७३ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने घडवलेला ५सीबी घ्या. पुढे बेंझीनची दोन कडी एकमेकांना जोडलेली, काठीसारखी कडक. हा कणा. मागे कार्बनांची लवचीक साखळी. ही शेपटी. नावातला पाच म्हणजे या शेपटीतले पाच कार्बन.

आता ही शेपटी छाटून पाहा. उरतो तो निव्वळ दगड. ८५ अंशांच्या आसपास वितळतो आणि थेट पाणी होतो. मधला तो सुंदर गढूळपणा येतच नाही. शेपटी परत लावा, की साधारण २४ अंशांनाच हा सैल होतो आणि ३५पर्यंत रेषेत राहतो. कारण सोपं आहे. स्फटिकात दाटीवाटीने, चिडीचूप बसावं लागतं, आणि शेपटीला ते जमत नाही. ती वळवळते, वाकते, दर क्षणी नवा आकार घेते. त्यामुळे रचना लवकर मोडते, पण कडक कणा दिशा सुटू देत नाही. मला विचाराल तर या गृहस्थांचा मान कण्यात असेल, जीव शेपटीत आहे.

शेपटीबद्दल ते हळवेही फार. एक कार्बन वाढवून सहा करा, तर ३५ऐवजी २९ अंशांनाच दिशा सोडतात. सात केले की ४३पर्यंत तग धरतात. आठ केले की पुन्हा ४०वर येतात. साखळी नागमोडी असते. विषम कार्बन असले की तिचं टोक कण्याच्या रेषेत येतं, सम असले की बाजूला झुकतं. एका कार्बनाच्या झुकण्याने मिजास बदलते. शिवाय आठची शेपटी मिळाली, की थंडाव्यात यांना थर लावून बसायची हौस येते, किनाऱ्यावर बांबूंना एकाखाली एक ओळींनी टांगलेल्या बोंबलांसारखी.

नागपूर विद्यापीठात शिकलेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी तर यांचं वेगळंच रूप दाखवलं. १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काठीऐवजी चकतीसारखे रेणू घेतले. मधे एक ताठ कडं, भोवती सहा लवचीक शेपट्या. चकत्या एकमेकींवर चढून खांब उभे राहिले. तोवर जग समजत होतं, की द्रवस्फटिक व्हायला काठीच लागते.

दोन ताठ कणे एका लवचीक पुलाने जोडले, की आणखी गंमत. पुलात सहा कार्बन असले तर रेणू सरळ राहतो. सात असले की कमानीसारखा वाकतो, आणि थंड होताना असे वाकलेले रेणू मिळून मळसूत्र वळतात. त्याचा एक वेढा जेमतेम ८ नॅनोमीटरचा. हे नक्की झालं तेव्हा २०१३ उजाडलं होतं.

घरकामाला एकटा ५सीबी पुरत नाही. बोईसरच्या मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत बसलेल्या वीजमीटरमध्ये ३५ अंशांवर त्याचं अवसान गळेल. म्हणून वेगवेगळ्या शेपट्यांची भावंडं एकत्र नांदवतात. ई-७ नावाच्या गाजलेल्या मिश्रणात असे चौघे आहेत, आणि ते उणे १०पासून जवळपास ६० अंशांपर्यंत एका रेषेत राहतात.

त्याच्याही पुढे तापले तर बिचारे दिशा विसरतात. काच काळवंडते किंवा आकडे पुसले जातात. तेव्हा उन्हात राहिलेला कॅल्क्युलेटर किंवा घड्याळ असं दिसलं, तर लगेच भंगारात टाकू नका. सावलीत आणून ठेवा आणि थोडा वेळ द्या. बहुतेक वेळा आकडे परत येतात.