फेरमोजणीचा अर्ज

शेवटची फेरी संपते. चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून होतात. निवडणूक निर्णय अधिकारी प्रत्येक उमेदवाराची एकूण मते वाचून दाखवतो आणि मग थोडा थांबतो. हे थांबणे त्याच्या मर्जीवर नसते, १९६१च्या निवडणूक नियमांतला ६३ वा नियम ते सांगतो. एवढ्या वेळात पराभूत उमेदवाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला फेरमोजणीचा लेखी अर्ज देता येतो. अंतिम निकालपत्रकावर, म्हणजे नमुना २०वर, सही झाली की अर्जाची वेळ संपली.

महसूल खात्यातल्या नोकरीत ही वेळ माझ्यावर तीन निवडणुकांत आली. त्यातली एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. दोन लाखांच्या आसपास मतदान आणि फरक तीनशेच्या आत. अर्ज हातात पडला तेव्हा सभागृह गप्प झाले आणि बाहेरचा गलका आत ऐकू येऊ लागला. नायब तहसीलदार माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मॅडम, पोरं पहाटे पाचपासून उभी आहेत.” अर्ज फेटाळायचा तर तो निरर्थक किंवा अवाजवी का, याची कारणे लिहून द्यायची. मान्य करायचा तर पूर्ण की काही केंद्रांपुरता, हेही मीच ठरवायचे. किती मतांचा फरक म्हणजे ‘कमी’, याचा आकडा नियमात कुठेही नाही. मी काही केंद्रांपुरती फेरमोजणी मान्य केली. निकाल बदलला नाही, पण हरलेला उमेदवार कागदावर सही करून शांतपणे घरी गेला. तो निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते, आणि तो एकट्या माझ्या लेखणीवर सोपवायला नको होता, असेही वाटते.

गेल्या काही वर्षांत मतदान आणि मोजणीचे कायदे बदलण्याच्या मागण्या वाढल्या आहेत. सर्व चिठ्ठ्या मोजा, मतपत्रिका परत आणा, निदान दोन्हींचा पर्याय द्या. फेब्रुवारी २०२१मध्ये आपल्या विधानसभेच्या तत्कालीन अध्यक्षांनी यंत्राबरोबर मतपत्रिकेचाही पर्याय देणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार करायला सांगितले होते. तो कायदा झाला नाही. डिसेंबर २०२४मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचे ठरवले आणि प्रशासनाने ते होऊ दिले नाही. मतदाराच्या मनातली शंका खरी असते आणि तिला उत्तर मिळालेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. मात्र उत्तर शोधणाऱ्या चर्चेत मला मोजणीच्या टेबलावरचा कारकून, तलाठी, शिक्षक कुठे दिसत नाही.

चिठ्ठ्यांची मोजणी कशी चालते ते सांगते. चिठ्ठीचा कागद पातळ, उष्णतेने छपाई होणारा. पेटीतून काढल्यावर चिठ्ठ्या वळतात, एकमेकींना चिकटतात. प्रत्येक चिन्हाचा खण वेगळा. चिठ्ठी उचलायची, प्रतिनिधींना दाखवायची, खणात टाकायची, मग पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे. सात-आठशे मतांच्या एका केंद्राला माझ्या अनुभवात साधारण तासभर लागतो. जाळीच्या एकाच कक्षात, एकामागून एक केंद्र अशी आजची पद्धत आहे. मतदारसंघात तीनशे केंद्रे धरली तर तीनशे तास. नेहमीच्या चौदा टेबलांवर काम वाटले तरी बावीस तास, तेही कुठे एकही चिठ्ठी कमी-जास्त न भरता. यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांची संख्या जुळली नाही, तर नियमाप्रमाणे चिठ्ठ्यांची संख्या ग्राह्य धरतात. म्हणजे दमलेल्या माणसाच्या बोटांवर निकाल अवलंबून राहतो. तेव्हा पाळ्या किती, माणसे कोणत्या खात्यातून, त्यांना झोपायला वेळ किती, हे मसुद्यात लिहिलेले हवे.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याचे उदाहरण मी अभ्यासले ते याच कारणासाठी. तिथे अगदी कमी फरकाच्या निवडणुकीत आपोआप फेरमोजणी होते, कोणाला अर्ज करावा लागत नाही. फरकाची ही मर्यादा पूर्वी ०.१ टक्का होती, २०२२मध्ये ती ०.५ टक्के केली. त्याच वर्षी ॲटर्नी जनरलपदाच्या निवडणुकीत सुमारे २५ लाख मतांत फरक ५११ होता. फेरमोजणीत तो २८० निघाला. पिनाल काउंटीत काही शे मते मोजायची राहून गेली होती. विजेती तीच राहिली, पण चूक सापडली आणि ती सर्वांना दिसली. फेरमोजणीचे मोल यापेक्षा वेगळे सांगायला नको.

पुढची अडचण मात्र काउंटीच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी दाखवली. नव्या मर्यादेमुळे फेरमोजण्या वाढणार, पण तारखा जुन्याच. परदेशातल्या सैनिकांना मतपत्रिका ४५ दिवस आधी पाठवाव्या लागतात आणि अध्यक्षपदाचा निकाल केंद्राला ठरलेल्या दिवशी कळवावा लागतो. दोन्ही मुदती चुकतील, असे त्यांनी वारंवार सांगितले. अखेर फेब्रुवारी २०२४मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि त्या वर्षीची प्राथमिक निवडणूक ६ ऑगस्टवरून ३० जुलैवर आणली गेली. हे हिशेब २०२२मध्येच मांडता आले असते.

आपल्याकडे एका ठिकाणी असा स्पष्ट नियम आहे. विजयाचा फरक बाद ठरलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर ती सगळी बाद मते पुन्हा तपासावीच लागतात. २०२४मध्ये मुंबई वायव्य लोकसभेत फरक ४८ मतांचा होता आणि बाद टपाली मते १११. ती पुन्हा तपासली गेली. अधिकाऱ्याला तिथे मन घट्ट करावे लागले नाही, नियमानेच त्याचे काम केले. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४च्या निकालात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांच्या तपासणीची मागणी करण्याची सोय दिली. तीही निकालानंतरची. त्या रात्रीच्या सभागृहासाठी अजून काही नाही.

माझी मागणी साधी आहे. एकूण मतांच्या हजारात एकापेक्षा कमी फरक असेल तर चिठ्ठ्यांची फेरमोजणी आपोआप व्हावी. ती दुसऱ्या दिवशी, नव्या माणसांनी, उमेदवारांच्या समोर करावी आणि तेवढा दिवस निवडणूक कार्यक्रमात आधीच राखून ठेवावा. मसुदा छापण्याआधी तो तालुक्यातल्या निवडणूक शाखांकडे अभिप्रायासाठी पाठवावा.

आणि मसुदा लिहिणाऱ्यांना एक विनंती. मोजणीच्या प्रशिक्षणाला या, एका केंद्राइतक्या नमुना चिठ्ठ्या घ्या आणि स्वतःच्या हाताने मोजून गठ्ठे बांधा. तासभर लागेल.