सुकाणूतलं परातीएवढं भोक

शिगुरे! पंधरा दिवसांपूर्वी हे नाव मी ऐकलंही नव्हतं. आज तिचा जन्म, तिच्या लढाया, तिच्या बहिणी, तिचं बुडणं, सगळं मला तोंडपाठ आहे आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

झालं असं, की रद्दीच्या दुकानात एक मुखपृष्ठ फाटलेलं इंग्रजी पुस्तक हाताला लागलं. तामेइची हारा नावाच्या जपानी नौदल अधिकाऱ्याच्या आठवणी, 1961 साली इंग्रजीत आलेल्या. दुसऱ्या महायुद्धातलं समुद्रावरचं युद्ध म्हटलं की मला ‘यामातो’ माहीत, मिडवे माहीत, संपलं. विनाशिका म्हणजे मोठ्या जहाजांच्या आजूबाजूला राखणीला असणाऱ्या छोट्या बोटी, एवढीच माझी समजूत. चार पानं चाळावीत म्हणून उभ्या उभ्या वाचायला लागलो, आणि दुकानदाराने दिवा मालवला तेव्हा भानावर आलो.

सगळ्यात आधी जीव जडला तो या विनाशिकेच्या नावावर. शिगुरे म्हणजे शरद सरता सरता, थंडीच्या तोंडावर येणारी पावसाची सर. आली म्हणता म्हणता जाणारी. जपानी कवितेत हा ऋतू सांगणारा ठरलेला शब्द आहे. ‘सारुमिनो’ या, कवी बाशोच्या शिष्यांच्या प्रसिद्ध संग्रहाचं नावसुद्धा बाशोच्या अशाच पहिल्या सरीवरच्या हायकूतून आलं आहे. आणि ही एकटी नव्हे हो! एकाच बांधणीच्या दहा विनाशिका, आणि त्यांची नावं पाहा: शिरात्सुयु म्हणजे पांढरं दव, हारुसामे म्हणजे वसंतातला पाऊस, सामिदारे म्हणजे दिवसेंदिवस न थांबणारी झड, युदाची म्हणजे उन्हाळी संध्याकाळी कोसळणारी सर. आपला वळीवच की हा! कावाकाझे नदीवरचा वारा, यामाकाझे डोंगरावरचा. वळीव, शिरवं, झड, बुरबुर असे पावसाचे वेगवेगळे शब्द जपणाऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल! माणसं मारायला बांधलेल्या पोलादी जहाजांना इतकी कोवळी नावं. मी ती वहीत एकाखाली एक लिहून काढली आणि कितीतरी वेळ नुसता बघत बसलो.

शिगुरे उरागाच्या गोदीत बांधली गेली. मे 1935 मध्ये पाण्यात उतरली, सप्टेंबर 1936 मध्ये नौदलात दाखल झाली. लांबी शंभर मीटरहून थोडी जास्त, वेग 34 नॉट, 127 मिलिमीटरच्या पाच तोफा. पण तिची खरी नखं म्हणजे पाणतीर, अर्थात टॉर्पेडो. एका वेळी आठ सोडता येत, आणि ते सोडून झाले की लढाई चालू असतानाच पुन्हा भरायला आणखी आठ तयार. हे जपानी पाणतीर शुद्ध ऑक्सिजनवर चालत. त्यामुळे मागे बुडबुड्यांची रेघ जवळजवळ उठतच नसे. स्फोटकाचं वजन 490 किलो, आणि कमी वेगाने सोडला तर पल्ला 40 किलोमीटर. त्या काळात असलं शस्त्र दुसऱ्या कुणाकडेही नव्हतं.

आणि अशा जहाजाला 1943 मध्ये काम काय, तर ओझी वाहण्याचं. सॉलोमन बेटांवर अडकलेल्या सैन्याला रात्रीच्या अंधारात माणसं आणि तांदूळ पोचवायचे, आणि उजाडायच्या आत अमेरिकी विमानांच्या टप्प्याबाहेर पळायचं. अमेरिकन त्याला टोकियो एक्सप्रेस म्हणत, जपानी खलाशी उंदीर-वाहतूक. 2 ऑगस्टच्या पहाटे अशाच एका फेरीवरून परतणाऱ्या चार विनाशिकांपैकी ‘आमागिरी’ने अंधारात एका लहान अमेरिकी टॉर्पेडो बोटीचे दोन तुकडे केले. त्या बोटीचा कप्तान कोण? जॉन एफ. केनेडी! पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला तोच. आणि त्या चारांत शिगुरे होती. इथे मी पुस्तक मिटून घरभर एक फेरी मारून आलो.

आता खरी रात्र. 6 ऑगस्ट 1943. आधीच्याच वाटेने, आधीच्याच पद्धतीने पुन्हा कोलोम्बांगारा बेटाला जायचं असा हुकूम आला. हारा शिगुरेवरून आपली तुकडी चालवत होता. त्याने हरकत घेतली, एकच चाल लागोपाठ खेळणं म्हणजे शत्रूला आमंत्रण. कुणी ऐकलं नाही. हागिकाझे, आराशी, कावाकाझे पुढे, सैनिक आणि सामान घेऊन; शिगुरे राखणीला, रांगेत शेवटची. त्यातली आराशी म्हणजे मिडवेच्या लढाईच्या दिवशी जिच्या मागोमाग जाऊन अमेरिकी विमानांना जपानी विमानवाहू नौका सापडल्या, तीच. शिगुरेची इंजिनं दुरुस्तीला आलेली, त्यामुळे ती पुढच्या जहाजापासून सुमारे दीड किलोमीटर मागे पडली होती.

समोर, व्हेलाच्या आखातात, बेटाच्या डोंगराच्या काळ्या सावलीत, सहा अमेरिकी विनाशिका दबा धरून होत्या. त्यांच्याकडे रडार होतं, जपान्यांकडे फक्त डोळे. मूसब्रुगर या अमेरिकी अधिकाऱ्याने तोफांना हात न लावता आधी पाणतीर सोडले, एका मिनिटात सुमारे दोन डझन. शिगुरेच्या टेहळ्यांना काळोखात काहीतरी दिसलं, हाराने आपले आठही पाणतीर सोडले, सुकाणू वळवलं, आणि तेवढ्यात पुढची तिन्ही जहाजं जवळजवळ एकदमच पेटली. शिगुरेच्या अंगाला घासून अमेरिकी पाणतीर जात होते. धूर सोडत, वळणं घेत ती बाहेर पडली. मागे हजाराहून जास्त माणसं गेली. तिचे स्वतःचे आठ पाणतीर एकालाही लागले नाहीत.

आणि नंतर कळलं, की एक अमेरिकी पाणतीर तिच्या सुकाणूतून आरपार गेला होता. न फुटता!

अमेरिकी पाणतिराचा व्यास 533 मिलिमीटर. हा आकडा वाचून भागेना. उठलो, स्वयंपाकघरातून मोठी परात आणली, टेप लावली. साडेत्रेपन्न सेंटिमीटर! ती परात भिंतीला टेकवून उभी केली आणि समोर बसून राहिलो. एवढं भोक. पोलादी सुकाणूत, पाण्याखाली, आणि जहाज त्याच सुकाणूवर घरी आलं. त्या पाणतिराची टोपी अर्ध्या हाताने इकडे किंवा तिकडे आदळली असती, तर हे पुस्तक माझ्या हातात आलंच नसतं.

लोक याला नशीब म्हणतात. जपानी नौदलात म्हणच होती, कुरे तळाची युकिकाझे आणि सासेबो तळाची शिगुरे, या दोन भाग्याच्या विनाशिका. मला ते अर्धंच पटतं. त्या रात्री तिला वाचवलं ते थकलेल्या इंजिनांनी पाडलेल्या अंतराने, आणि आधीपासून सावध असलेल्या एका माणसाने. बुडणाऱ्यांना उचलायला न थांबता निघून जाण्याचा त्याचा निर्णय फार जड होता, पण थांबला असता तर चौथं जहाजही गेलं असतं. माझ्या मते तो बरोबर होता. आणि हेही सांगतो, ती ज्या साम्राज्यासाठी लढत होती त्याने आपल्या अंदमानात काय केलं ते मी विसरलेलो नाही. जहाजावर जीव जडला, त्या साम्राज्यावर नाही.

पुढे हारा दुसऱ्या कामगिरीवर गेला. शिगुरे लढत राहिली. 24-25 ऑक्टोबर 1944 च्या रात्री फिलिपाइन्समधल्या सुरिगाव सामुद्रधुनीत जपानी ॲडमिरल निशिमुराची सात जहाजं शिरली: यामाशिरो आणि फुसो या दोन जुन्या युद्धनौका, मोगामी ही क्रूझर आणि चार विनाशिका. पलीकडे सहा अमेरिकी युद्धनौका आडव्या उभ्या, त्यातल्या पाच पर्ल हार्बरला मार खाऊन पुन्हा उभ्या राहिलेल्या. युद्धनौकांनी युद्धनौकांवर तोफा डागल्या, अशी जगातली ती शेवटची वेळ. शिगुरेचं होकायंत्र बंद पडलं, बिनतारी यंत्रणा मोडली, एक आठ इंची गोळा तेलाच्या टाकीत घुसला आणि (विश्वास बसेल का?) तोही फुटला नाही. सातांपैकी एकटी शिगुरे ब्रुनेईला परतली. तिचा कप्तान निशिनो पुढे युद्धानंतर त्या रात्रीचा साक्षीदार ठरला.

व्हेलाच्या आखातातून चारांतली एक. सुरिगावमधून सातांतली एक. दवा-पावसाच्या आणि वाऱ्यांच्या नावांच्या त्या दहा बहिणींतलीही शेवटची. यामाकाझे तर 1942 मध्येच गेली, तिच्या बुडण्याचा फोटो अमेरिकी पाणबुडीच्या पेरिस्कोपमधून काढलेला आहे. शिरात्सुयु एका तेलवाहू जहाजावर आदळून गेली. सगळ्यांची नावं मी वहीत एकेक करून खोडली, तेव्हा कागदावर फक्त ‘शिगुरे’ उरलं, आणि ते खोडायला हात उचलेना.

तिचा शेवट मोठ्या लढाईत नाही झाला. जानेवारी 1945, हाँगकाँगहून सिंगापूरला निघालेल्या काफिल्याची ती राखण करत होती. 24 तारखेला मलायाच्या कोटा भारूच्या पूर्वेला ‘ब्लॅकफिन’ या अमेरिकी पाणबुडीने तिला गाठलं. हा पाणतीर फुटला. 37 जण गेले, सुमारे 270 वाचले, बरोबरच्या जहाजांनी त्यांना पाण्यातून उचललं.

हाराचं पुस्तक कुठेही दिसलं, फाटकं असलं तरी, सोडू नका. आणि आज घरातला नकाशा काढा. थायलंडचं आखात शोधा, सहा अंश उत्तर, एकशे चार अंश पूर्वेच्या किंचित अलीकडे बोट ठेवा. शिगुरे तिथे बुडाली.