वल्ही आणि वरंधा घाट

१९६९ साली पिनाकी चटर्जी आणि जॉर्ज ड्यूक या दोघांनी कलकत्त्याहून अंदमान वल्हवत गाठले. होडीचे नाव ‘कान्होजी आंग्रे’! नाव कोकणचे आणि घाम दुसऱ्यांचा, हे काही बरे नव्हे. म्हणून वरंधला बसून मी शाळेच्या नकाशावर मार्ग आखला : महाडला सावित्रीत होडी, बाणकोटच्या खाडीतून समुद्र, पुढे थेट आफ्रिका. निघायचे हिवाळ्यात, ईशान्येचा वारा पाठीशी घेऊन. जुनी गलबतेसुद्धा वारा बघूनच सुटत.

“आणि परत कधी?” हिने विचारले.

“पावसाळ्यात. नैऋत्येचा वारा सुटला, की आपोआप घरी.”

“तेव्हा दरड येऊन घाट बंद झाला, तर बाळंतपणाला भोरहून लेक कोण आणील?”

आफ्रिका काही हलत नाही. सध्या भोरचा मार्ग आखतो आहे.