दमानं

सोलापुरात नळाला पाण्याच्या आधी हवा येते. चौथ्या-पाचव्या दिवशी, कधी पहाटे तर कधी रात्री अकराला, नळ एक लांब सुस्कारा टाकतो, दोनदा खोकतो आणि मग गढूळ धार सुरू होते. त्या खोकल्यासरशी आई उठायची. मोरीशेजारी आमची तीन निळी पिंपं होती. पहिलं रोजच्या वापराचं, दुसरं पहिलं आटल्यावर. तिसऱ्याला मात्र धार डोळ्यांनी दिसेपर्यंत हात लावायचा नाही. "आजच पाळी आहे, येईलच आता" असं म्हणत कुणी त्याचं झाकण उघडलं, की तिचा आवाज चढायचा. पण शेजारणीचं पिंप कोरडं पडलं तर त्याच तिसऱ्यातून घागर भरून जायची. ते पिंप आमच्या घरात असून आमचं नव्हतं, हे कळायला मला समुद्राच्या तळाशी जावं लागलं.

ऑक्टोबर ते मे मी मालवणच्या बाजूला डायव्हिंग शिकवतो. पावसाळ्यात किनारा बंद झाला की घरी येतो, पोरांना पोहायला शिकवतो. सोलापूरचा माणूस समुद्रात काय करतो, हा प्रश्न दोन्हीकडचे लोक विचारतात. माझ्यासोबत येणाऱ्या टाक्यांबद्दलही विचारतात. 2021 साली, कोरोनाच्या लाटेत, त्या गच्चीवर पाहून गल्लीतल्या दोघांनी "ऑक्सिजन मिळेल का" म्हणून दार वाजवलं होतं. त्यात ऑक्सिजन नसतो हो, साधी हवा असते, गाळून कोरडी केलेली. हे त्या दिवसांत सांगताना जीव नको झाला. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली श्वासात घेतला तर तोच विषासारखा वागतो, झटके येतात. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

यंदा जूनमध्ये चार टाक्या आणल्या त्या एका पोरासाठी. पूर्व भागातला, घरी चादरींचे माग, विशीतला. पोहण्यात जिल्ह्यात नाव. पाण्याखालून एका दमात तलावाच्या दोन फेऱ्या मारतो. त्याला तीस मीटरवरच्या बुडालेल्या जहाजावर उतरायचं होतं. मालवणच्या बारा-पंधरा मीटरच्या डाईव्ह त्याने केल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी टाकी रिकामी करून वर आला होता. जिल्ह्यात सगळ्यांत मोठा दम असलेला पोरगा सगळ्यांत जास्त हवा खातो, याचं त्याला भयंकर वाईट वाटायचं.

मला नवल वाटलं नाही, कारण मीही तसाच होतो. आम्ही विहिरीवर शिकलेले. पाठीला भोपळा बांधून तात्यांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, आम्हाला आत ढकललं. भोपळा सुटला की पुढची परीक्षा एकच: तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचं. जो जास्त वेळ खाली राहील तो मोठा. श्वास घेणं म्हणजे हरणं, हे आमच्या छातीत लहानपणीच भरलेलं. आणि डायव्हिंगच्या पहिल्या दिवशी पहिलं वाक्य शिकवतात ते हे, की श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते, आणि ती अडवून धरली तर फुप्फुस फाटतं. आमची सगळी मर्दुमकी एका वाक्यात निकालात निघते.

हवेचा हिशेब मी पोराला तात्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर शिकवला. कॅनॉलच्या पाझराने तिला जूनमध्येही सहा परस पाणी असतं. एक परस म्हणजे उभा माणूस. सहा परस म्हणजे साधारण दहा मीटर. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून तिथला प्रत्येक श्वास टाकीतून दोन श्वासांची हवा काढतो. वीसवर तिप्पट, तीसवर चौपट. (काटेकोर बोलायचं तर सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे आणि तीनशेच्या वर गेलं की डायव्हिंगच्या पुस्तकांत ते 'उंचावरचं डायव्हिंग' ठरतं. तात्यांची विहीर त्या अर्थाने पर्वतातलं सरोवर आहे. पण हवेच्या हिशेबाला मी दुप्पटच धरतो.)

मोजायची पद्धत सोपी. दहा मीटरवर दहा मिनिटं सावकाश पोहायचं, आधी आणि नंतर टाकीतला दाब दाखवणारं गेज बघायचं. आमची टाकी अकरा लिटरची, 200 बार दाबाला भरलेली. म्हणजे आत 2200 लिटर हवा कोंबलेली. पोराचे दहा मिनिटांत 50 बार गेले. पन्नास गुणिले अकरा, भागिले दहा मिनिटं, भागिले दोन: जमिनीवरच्या हिशेबाने मिनिटाला साडेसत्तावीस लिटर. माझे गेले 30 बार, म्हणजे साडेसोळा. त्याने आकडा पाहिला आणि काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने 24 बार लावले. माझ्याहून कमी. पण वर आल्यावर थारोळ्याला डोकं टेकून बसला. "काय झालं बे?" विचारलं तर म्हणाला, "काही नाही सर, ऊन." ऊन नव्हतंच, आभाळ होतं. दोन श्वासांच्या मधे दम धरून त्याने आकडा जिंकला होता, आणि कपाळ ठणकत होतं. श्वासाची ओढ ऑक्सिजन कमी पडल्याने लागत नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्याने लागते. तो साठू दिला तर आधी डोकं दुखतं. खोल पाण्यात त्याच साठ्याने नायट्रोजनची नशा लवकर चढते आणि माणूस गेजकडे बघतो पण आकडा वाचत नाही. कंजूषपणाने वाचवलेली हवा नेमकी तिथे अंगावर येते, जिथे शुद्ध सगळ्यांत जास्त हवी. त्या दिवशी मी त्याला पुन्हा पाण्यात उतरू दिलं नाही.

मग सहा आठवडे आम्ही श्वासाबद्दल बोललोच नाही. शिसं कमी केलं. त्याच्या कमरेला तीन किलो जादा होतं, ते तोलायला जाकिटात हवा भरायची, त्यामुळे पाय खाली लोंबायचे, आणि मग उभ्या माणसाला आडवं पाणी ढकलत न्यायचं. हात बांधून ठेवले. पोहणाऱ्याचे हात पाण्यात गप्प राहत नाहीत, आणि प्रत्येक वल्ह्याला हवा लागते. पाय बेडकासारखे मारायला लावले: एक झटका, मग वाहत जायचं, थांबायचं. जहाजात याचा आणखी एक उपयोग असतो. तिथला गाळ इतका हलका की वरखाली मारलेल्या दोन लाथांत दार दिसेनासं होतं. शेवटी कट्ट्यावर बसून गाठी मारणं, सोडणं, तंगूस कापणं, डोळे मिटून. जुन्या जहाजांना मच्छीमारांची तुटलेली जाळी अडकलेली असतात, आणि अडकलेल्या माणसाचे साडेसोळा लिटर एका मिनिटात चाळीस होतात.

तात्या काठावर बसून बुडबुडे बघायचे. पंचाऐंशी वय, पण नजर पक्की. पोरगा वर आला की निकाल द्यायचे: "आज घाईत हुतास." एकदा म्हणाले, "दमानं घे की रं." मी चमकलो. आयुष्यभर हा शब्द ऐकतोय. दम म्हणजे श्वास, दम म्हणजे जोर, दम देणं म्हणजे धमकावणं. आणि दमानं म्हणजे सावकाश. तीस वर्षं दम धरायला शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडात उलटा सल्ला तयारच होता.

सहाव्या आठवड्यात पोराचे 36 बार गेले. जवळपास वीस लिटर. त्याला ही सुधारणा कमी वाटली; मला पुरेशी होती. त्या संध्याकाळी मी त्याला खरं गणित घातलं, तिसऱ्या पिंपाचं.

समज, तीस मीटरवर जोडीदाराची हवा बंद पडली. आता दोघं एका टाकीवर, दोघंही घाबरलेले; प्रत्येकी तीस लिटर धर, म्हणजे मिनिटाला साठ. खाली सावरायला एक मिनिट, चौपट दाब: 240. वर यायला चार मिनिटं, सरासरी अडीचपट: 600. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, दीडपट: 270. बेरीज 1110 लिटर. अकराने भाग.

"शंभर बार," तो म्हणाला. मग, "सर, अर्धी टाकी?"

अर्धी टाकी. उरलेल्या अर्ध्यात तुझी सगळी डाईव्ह. वीस लिटर चौपटीने ऐंशी, म्हणजे पावणेचौदा मिनिटं. त्यात उतरणंही आलं. गेजवर काटा शंभरला आला की डेकवर काहीही दिसत असो, वळायचं. मी एकदा वळलो नव्हतो. पहिल्याच खोल जहाजावर एका खिडकीतून आत बघत राहिलो आणि जोडीदाराने माझं गेज ओढून बघितलं तेव्हा त्यात 50 होते. आम्ही दोघं नीट वर आलो. पण तो माणूस माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही, आणि का ते मला लगेच कळलं. मी त्याच्या वाट्याचं पिंप उपसलं होतं.

पोराला हर्मीसबद्दल ऐकायला आवडतं. विमानवाहू म्हणूनच आराखडा झालेली ती पहिली युद्धनौका. 9 एप्रिल 1942 रोजी श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याला, बट्टिकलोआजवळ, जपानी विमानांनी ती बुडवली. त्या वेळी तिच्यावर स्वतःचं एकही विमान नव्हतं. तीनशेवर माणसं गेली. आपला किनारा पावसाने बंद असतो तेव्हा तो किनारा शांत असतो, म्हणून माझ्यासारख्यांची नजर तिकडे जाते. पण ती 53 मीटरवर आहे. दाब सहापटीहून जास्त, माझे साडेसोळा तिथे शंभराच्या पुढे जातात, आणि अख्खी टाकी पंचवीस मिनिटंही पुरत नाही. तिथे जोडटाक्या लागतात, हेलियम मिसळलेली हवा लागते, वर येताना ठिकठिकाणी थांबावं लागतं. ते वेगळं शिक्षण आहे. मी अजून गेलेलो नाही. दरवर्षी जोडीदार शोधतो आणि दरवर्षी स्वतःचाच आकडा बघून थांबतो.

घराजवळचंही एक जहाज येऊ घातलं आहे. 12 जानेवारी 2024 ला नौदलातून निवृत्त झालेली गुलदार निवती रॉक्सपाशी पाण्याखाली ठेवायची योजना आहे. तसं झालं तर सोलापूरच्या पोरांना परदेशी जावं लागणार नाही. फक्त एक गोष्ट मी आत्तापासून सांगतो: खोल डाईव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीने घरी निघायचं नाही. घाट सातशे मीटरच्या आसपास चढतो, अंगात विरघळलेला नायट्रोजन सोडावॉटरसारखा फसफसतो. रात्र खाली काढायची, मासे खायचे, दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी काढायची.

शेवटच्या दिवशी चौथ्या टाकीत नव्वद बार उरले. पोरगा म्हणाला, "सर, तात्यांना देऊ का एकदा?" पाण्यात नाही, पायरीवरच. तात्यांनी आधी नाही म्हटलं, मग रेग्युलेटर उलटसुलट करून पाहिला, धोतराने पुसला आणि तोंडात धरला. डोळे मिटले. आत हवा गेल्याचा आवाज आला, छाती भरली, आणि मग काहीच नाही. दहा मोजले, वीस मोजले. पोरगा हसायला लागला. तात्या जिंकत होते.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तात्या, सोडा. सोडा की आता."