सावलीचा हिशेब

चिखलीला राहतो असे सांगितले की पुण्या-मुंबईचे स्नेही हमखास म्हणतात, "वा! मग उन्हाळ्यात तुमच्याकडेच यायला हवे." त्यांच्या डोळ्यांसमोर चिखलदरा असतो. तो अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या अंगाखांद्यावर. आमची चिखली बुलढाणा जिल्ह्यातली. तिच्या नावात चिखल आहे हे खरे. परंतु तो पावसाळ्यापुरता. वैशाखात कोणी या गावाचे नव्याने बारसे करायला बसले असते, तर आजूबाजूची काळी राने पाहून त्याने नाव 'भेगाळी' ठेवले असते.

तरीही उन्हाच्या बाबतीत आम्ही चिखलीकर थोडे घमेंडखोरच आहोत. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग : घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. एस.टी. राजूर घाट उतरून मोताळ्याकडे लागली की खिडकीतून येणारा वारा भट्टीच्या तोंडातून यावा तसा अंगावर येतो. यात जादू काही नाही. कोरडी हवा दर 100 मीटर उतरणीला सुमारे 1 अंशाने तापते. परंतु घाटाखालच्या सोयऱ्यांकडे लग्न जेवून परत आलेला माणूस जणू स्वतःच्या कर्तबगारीने मिळवल्यासारखा म्हणतो, "आपल्याकडे काहीच नाही हो!" दुसऱ्याचे ऊन पाहून आपले ऊन सुसह्य करून घेण्याची ही युक्ती फार जुनी आहे. घाटाखालचे लोक चंद्रपूरकडे बोट दाखवतात. तिथे 2 जून 2007 रोजी पारा 49 अंशांवर गेला होता. चंद्रपूरकरांनी राजस्थानातल्या फलोदीकडे बोट दाखवावे. तिथे 19 मे 2016 रोजी 51 अंशांची नोंद झाली. फलोदीकरांना मात्र बोट दाखवायला देशात जागा उरलेली नाही.

भूगोलाचे पुस्तक आम्हांला वाळवंटात धरत नाही. वर्षाला 250 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडेल ते वाळवंट. आमच्याकडे त्याच्या तिप्पट पडतो. परंतु वाळवंट येत नसले तरी चैत्र-वैशाखात त्याचा वारा आमच्याकडे मुक्कामाला येतो. वायव्येकडून येणारा हा पाहुणा कोरडा. समुद्राची ओल इथवर पोहोचत नाही, आभाळाला ढगाचे ठिगळ नसते, आणि पिके निघून गेल्यामुळे उघडी पडलेली काळी जमीन आलेले सगळे ऊन पिऊन घेते. तेव्हा वर्षातले दोन-अडीच महिने आम्हीही वाळवंटाचेच रहिवासी असतो. फक्त उंटाऐवजी मोटारसायकल असते, आणि ती सावलीत लावली नसेल तर तिच्यावर बसणे उंटावर बसण्यापेक्षा अवघड जाते.

कालिदासाने 'ऋतुसंहारा'त सहा ऋतूंची पंगत मांडताना पहिले पान ग्रीष्माचे मांडले. वर्गात हे सांगताना मला नेहमी वाटते की कवींचा उन्हाळा संध्याकाळी सुरू होतो, चंदन आणि चांदणे घेऊन. बायकांचा उन्हाळा मात्र पहाटे सुरू होतो. ऊन हा केवळ शत्रू आहे असे ज्याला वाटते, त्याने मे महिन्यात पहाटे आमच्या गल्लीत यावे. चार वाजता गव्हाचा चीक चुलीवर चढलेला असतो, उजाडता उजाडता गच्चीवर कुरडयांची रांगोळी पडते, मागोमाग ज्वारीच्या पापड्या, मुगाचे वडे, लाल मिरच्या. नऊच्या आत साऱ्याजणी खाली उतरतात, आणि मग दिवसभर राबते ते ऊन. शेतातही तेच. उन्हाळी नांगरटीत किडींचे कोष वर येतात. अर्धे पाखरे टिपतात, अर्धे ऊन भाजते. ऊन हा असा बिनपगारी गडी आहे. त्याला कामाला लावावे. त्याच्या शेजारी उभे मात्र राहू नये.

जुन्या माणसांचे उन्हाळ्याचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे, असे मला वाटते. ते शास्त्र यंत्राचे नव्हते, घड्याळाचे होते. अकराला दारे-खिडक्या लोटायच्या, चारला उघडायच्या. मधला वेळ अंधाऱ्या माजघराचा. बाहेरच्या माणसाला हा आळस वाटतो. परंतु या आळसाला सरकारचीही संमती आहे : आमच्या शाळा उन्हाळ्यात सकाळच्या होतात, आणि सुट्टीनंतर उरलेल्या महाराष्ट्राच्या शाळा गजबजल्यावरही विदर्भातल्या शाळांची दारे आठ-दहा दिवस बंदच असतात.

देहाचे गणित तपासले तर म्हाताऱ्यांचेच बरोबर निघते. आपल्या कातडीचे तापमान साधारण 35 अंश. हवा त्याहून थंड असेल तोवर पंखा अंगातली उष्णता काढून नेतो. हवा त्याहून फार तापली की तोच पंखा उष्णता अंगावर आणून ओततो. पारा 40च्या वर गेला की नुसत्या पंख्यावर विसंबू नका, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मग उरतो एकच मार्ग : घाम. 1 ग्रॅम पाणी वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जाते. माठ, वाळ्याची ताटी, कूलर आणि घाम फुटलेला माणूस ही चारही एकाच तत्त्वावर चालणारी यंत्रे आहेत. त्यांतला माठ सर्वांत प्रामाणिक. तो स्वतः झिरपतो आणि दुसऱ्याला गार ठेवतो.

या यंत्रांना एकच अट आहे. हवा कोरडी पाहिजे. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहतो. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर एका समारंभाला आलेल्या लोकांपैकी 14 जण दगावले. पारा त्या दिवशी चाळिशीच्या आतच होता. तेव्हापासून "चाळीसच्या आत आहे ना, मग काही नाही" असे कोणी म्हणाले की माझ्या अंगावर काटा येतो.

अंगाला हवा लागावी म्हणून उन्हात उघडे व्हावे, ही समजूतही तशीच. वाळवंटातले बदाऊन तसे करीत नाहीत. ते पायघोळ सैल झगे घालतात, आणि तेही पुष्कळदा काळे. काळा रंग ऊन खातो हे शाळकरी मुलालाही ठाऊक. मग हे काय? 1980 साली काही शास्त्रज्ञांनी भर वाळवंटात माणसाला काळा आणि पांढरा झगा घालून मोजमाप केले. अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच भरली. काळ्या कापडाने जास्त घेतलेली उष्णता आतल्या खेळत्या वाऱ्याने अंगाला लागण्याआधीच नेली होती. खरी करामत रंगाची नव्हे, सैलपणाची. आमच्या शेतमजूर बाया लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून कामाला जातात, त्यांनी हा शोधनिबंध वाचलेला नाही.

घरांचे मात्र आम्ही उलटे करून ठेवले. माझ्या लहानपणी गल्लीत धाब्याची घरे होती. हातभर जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दुपारचे ऊन त्या मातीतून आत यायला निघाले की त्याला वाटेतच संध्याकाळ व्हायची. पावसाळ्यात ही घरे गळत, पांढऱ्या मातीसाठी दरवर्षी धावपळ होई. म्हणून लोकांनी ती पाडून स्लॅब टाकले, आणि त्यात त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. गळक्या घरात बाळंतीण सांभाळलेल्या बाईला धाब्याचे काव्य ऐकवू नये. परंतु स्लॅबचा स्वभाव सावकाराचा. दिवसभर घेतलेले ऊन तो रात्री दहापासून व्याजासकट परत करतो. त्यावर उतारा म्हणून खिडकीत कूलर आला. हे यंत्र गुणी खरे, परंतु मोठा कूलर तासाला 5 ते 7 लिटर पाणी सहज पितो. एप्रिलपासून नळाचे दिवस लांबत जातात, आणि एका घरात कूलरची टाकी भरली जात असताना दुसऱ्या घरची बाई हंडा घेऊन उभी असते. पाणी तेच, कोणाच्या गारव्याला जाते आणि कोणाच्या घशाला, एवढाच प्रश्न.

हा प्रश्न मला सर्वांत स्पष्ट दिसला तो शेजारच्या बांधकामावर. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या भिंतीला लागून एका घराचा वरचा मजला चढत होता. नुकत्याच टाकलेल्या स्लॅबवर ओले गोणपाट अंथरलेले असे, आणि एक पोरगा दर तासाला त्यावर पाणी मारी. ऊन लागले तर सिमेंट तडकते, म्हणून ही बडदास्त. त्याच स्लॅबखालून वर पाटी वाहणारी बाई दुपारी एक वाजता जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. तिला ओकारी झाली, आणि ती भलतेच काही बोलू लागली. माझी आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ती खिडकीतून ओरडली, "अहो, पाहता काय! तिला सावलीत घ्या, अंगावर पाणी घाला!" मंडळींनी तिला आमच्या ओसरीत आणले. आईने ओली चादर तिच्या अंगावर टाकली आणि पुठ्ठ्याने वारा घालायला बसली. कोणीतरी तोंडाला पाणी लावू लागले, तर आईने त्याचा हात धरला. शुद्धीवर नसलेल्या माणसाला पाणी पाजू नये, ते श्वासात जाते. रिक्षा येईपर्यंत पंधरा मिनिटे गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तुम्ही तिला आधी गार केलेत म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी मी कंत्राटदाराकडे गेलो. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "सर, मी तरी काय करू? मालकाला पावसाच्या आत काम पाहिजे, आन् बायांना पुरी हजेरी पाहिजे." ती बाईही चार दिवसांनी कामावर आली. "आताच कशाला आलीस?" असे आईने विचारले, तर ती म्हणाली, "सावलीत बसल्याची मजुरी कोण देते, माय?" आई यावर काही बोलली नाही. तिने कंत्राटदाराला बोलावून चहा पाजला आणि एवढेच विचारले, "बापू, तू सिमेंटवर गोणपाट टाकतो, ते काहून टाकतो?" तो हसला, परंतु समजला. सकाळी सहाला काम सुरू, अकराला बंद, पुन्हा चार ते सात. हजेरी पुरी. काम पावसाच्या आत झाले, आणि उन्हात न घातलेला गिलावाही चांगला बसला.

आई माझ्या खिशात अजूनही कांदा घालते. खिशातल्या कांद्याने ऊन अडते याला शास्त्राचा आधार नाही. परंतु कांदा देणारी बाई "अकराच्या आत घरी ये" असेही सांगते, आणि ते मात्र खरोखर अडवते. अलीकडे तिला तहान कळेनाशी झाली आहे. वय वाढले की तहानेची जाणीव बोथट होते, असे डॉक्टर सांगतात. "पाणी देऊ का?" म्हटले की "नको रे, तहान नाही" हे उत्तर ठरलेले. म्हणून विचारणे आम्ही सोडून दिले. दर तासाला कधी ताक, कधी पन्हे, कधी लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेल्या पाण्यातले पेलाभर तिच्या हातात द्यायचे आणि ती पीत असताना गप्पा मारायच्या. गप्पांच्या नादात पेला रिकामा होतो. मला लहानपणी तिने दूध याच युक्तीने पाजले होते.

दिवाळीच्या अंकात वैशाखाचे हे पुराण कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. उन्हाळ्याची तयारी उन्हाळ्यात होत नाही. अहमदाबादेत 2010 सालच्या मे महिन्यातल्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर 2013 साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली, आणि झोपड्यांच्या छपरांना पांढरा रंग देणे हाही पुढे त्या कामाचा भाग झाला. पांढरे छप्पर ऊन परतवते आणि खालची खोली दोन ते पाच अंशांनी गार राहू शकते. दिवाळीला घरोघरी रंगाचे काम निघतेच. भिंती रंगवून झाल्या की डब्यात थोडा चुना उरतो आणि तो आपण नाल्याकाठी ओतून देतो.

यंदा तो गच्चीवर चढवावा. आपली गच्ची झाली की मागच्या बाजूला पत्र्याखाली राहणाऱ्या भाडेकरूच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या छपराकडेही एकदा पाहावे. एक बादली चुना, एक कुंचला, आणि सकाळचे दोन तास. दिवाळीची ओवाळणी म्हणून ही काही वाईट नाही. साडी दोन वर्षांत विटते, ही सावली मात्र वैशाखात नेमकी हाताशी येईल.