फर्मा एकदा, महिरप हवी तितकी

सगळी किमया त्या इवल्याशा बेअरिंगची आहे! राउटरच्या बिटावर, पात्याच्या अगदी वर ते बसवलेलं असतं आणि त्याचा व्यास पात्याइतकाच असतो. बेअरिंग फर्म्याच्या कडेला टेकवून राउटर सरकवत न्या, खालचं पातं लाकूड नेमकं त्याच रेषेत कापत जातं. केसभरही आत नाही, बाहेर नाही. देव्हाऱ्याच्या महिरपी आजवर मी जिगसॉने कापून कानशीने घासत जुळवत होते. आता सागवानाच्या १८ मिलिमीटर फळीतून निघालेली ही कड पाहते आहे आणि तिला पॉलिश पेपर लावायलाही मन होत नाही, इतकी ती गुळगुळीत आहे!

फर्मा घरीच होतो, हे तर फारच सुंदर. १२ मिलिमीटर एमडीएफचा तुकडा पुरे. त्यातल्या तंतूंना ठरावीक दिशा नसते, त्यामुळे कानस कुठल्याही दिशेने सारखीच चालते. मी महिरपीचा अर्धाच भाग काढला. मधोमध रेषा आखायची, एक बाजू कापायची, मग तोच फर्मा उलटवून दुसरी. दोन्ही बाजू एकाच कडेवरून जन्मलेल्या, मग त्या वेगळ्या होतीलच कशा? सगळा जीव मात्र या कडेवर ओतायचा. बेअरिंग प्रामाणिक असतं, फर्म्यावरचा बारीकसा उंचवटाही ते सागवानात उतरवतं. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा बोटाला कळतो, म्हणून डोळे मिटून बोट फिरवून पाहायचं.

मग दुतर्फा टेपने फर्मा फळीवर पक्का चिकटवायचा. त्याआधी जिगसॉने रेषेबाहेर दीड-दोन मिलिमीटर ठेवून जादा लाकूड काढून टाकायचं, म्हणजे राउटरला फक्त ती पातळ किनार खावी लागते आणि कपच्या उडत नाहीत. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. म्हणून बाहेरची कड कापताना राउटर काट्यांच्या उलट न्यायचा आणि महिरपीसारख्या आतल्या कापाला काट्यांच्या दिशेने. दिशा चुकली की यंत्र हातातून पुढे पळू पाहतं, तेव्हा हे आधी पाठ हवंच. गॉगल, मास्क आणि कानांवर संरक्षणही हवंच, एमडीएफची धूळ फार बारीक असते. महिरपीच्या वरच्या टोकाशी मात्र राउटर थांबवायचा. १२ मिलिमीटरचं गोल बिट आतल्या कोपऱ्यात ६ मिलिमीटरची गोलाई सोडतंच. तिथे धारदार पटाशी घ्यायची. टोक हाताने उघडताना जो आनंद होतो, तो यंत्राने हिरावलेला नाही, हे मला फार आवडलं.

आणि बिजागऱ्या! तिथे बेअरिंगऐवजी राउटरच्या तळाला गाइड बुश लावायचा. बुशचा बाहेरचा व्यास १६ आणि बिट ६ मिलिमीटर, म्हणजे फर्म्याच्या कडेपासून काप ५ मिलिमीटर आत पडणार. ७५ मिलिमीटरच्या बिजागरीला फर्म्यातली खिडकी ८५ मिलिमीटर लांब. एवढं गणित एकदाच करायचं, मग कपाटाची दारं कितीही असोत, प्रत्येक खाच तीच आणि तितक्याच खोलीची. एमडीएफचा उरलेला तुकडा मी आत्ताच मापून आखला आहे!